वाघरू छाप चादर

१

धर्मपालचं काम ऐकलं की लोकांना हसू यायचं. चांगला बाप्या माणूस, डोळ्यांवर चष्मा, आणि दिवसभर करायचं काय, तर चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं घरं भरायची. एक घर भरलं, दोन सोडली, पुन्हा एक भरलं. पण सोलापुरात चादरीवर जे काही उमटतं, मोर म्हणा, कमळ म्हणा, ते आधी असल्याच कागदावर उमटलेलं असतं. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढते आणि भोकं सांगतील तेवढेच दोरे वर उचलले जातात. कागदावर एक घर चुकलं की कापडावर मोराचा डोळा गेलाच म्हणून समजा. धर्मपालच्या हातून अजून एकही डोळा गेला नव्हता.

बहात्तरचा दुष्काळ सरून लोक जरा सावरले होते, तेव्हाची ही गोष्ट. कारखान्याचे मालक मानसिंगराव यांच्या डोक्यात लहान मुलांसाठी वेगळी चादर काढायचं आलं. "पोरानं बापाचा हात ओढून दुकानात न्यावं, असं काहीतरी काढ," ते म्हणाले. धर्मपालनं वाघ काढला. चार पायांवर उभा, नखं बाहेर काढलेला, जबडा वासलेला. सगळं जमलं, पण जबडा काही केल्या जमेना. वाघ डरकाळी फोडतोय असं न वाटता जांभई देतोय असं वाटायचं.

त्या संध्याकाळी तो बुधवार पेठेतल्या आपल्या खोलीवर आला, तेव्हा त्याची मुलगी दारात उभी राहून बोंबलत होती. तिचं नाव मनकर्णा, धर्मपालच्या आईचं ठेवलेलं, पण हाक मारायची मनू म्हणून. अंघोळ करायची नाही एवढंच म्हणणं, पण अख्ख्या गल्लीनं ते ऐकावं असा तिचा हट्ट होता. मुठी आवळलेल्या, सगळे दात बाहेर, पार पडजीभ दिसतेय. धर्मपालनं तिला दटावायचं सोडून खिशातून पेन्सिल काढली. दुसऱ्या दिवशी वाघाला तोंड मिळालं.

कारखान्यात एक रीत होती. नव्या पट्ट्या चढवून निघालेला पहिला नग विकायचा नाही. त्यात काही चुकलं असेल तर ती चूक बाजारात जायला नको, म्हणून तो कागद भरणाऱ्याच्या घरी पाठवायचा. म्हणजे लाल जमिनीवर पांढरा वाघ असलेली पहिली चादर मनूच्या अंगावर आली. ती पांघरून मनू गल्लीभर डरकाळ्या फोडत फिरली आणि शेजारच्या पोराला चावून आली.

'वाघरू छाप' चादर खपली, धो धो खपली. सात रस्ता चौकात पत्र्याची पाटी लागली, तिच्यावर वाघरू. दुकानातून पिशवी मिळायची, तिच्यावरही वाघरू. पोरं वाघरूशी बोलायची आणि त्याला भाकरीचा तुकडा ठेवायची. धर्मपाल पाटीखालून सायकलनं जाताना मान वर करून बघायचा. आपल्या लेकीचं तोंड एवढ्या उंचावर लागलंय हे त्याला आणि त्याच्या बायकोला, मीनाबाईलाच ठाऊक होतं.

२

कुर्डुवाडीच्या एका दुकानदाराची तक्रार आली. कुठल्याशा गिऱ्हाइकाचं पोर वाघाला बघून रडलं म्हणे.

"धर्मपाल, दात जरा झाक," मानसिंगराव म्हणाले. "घरादाराची वस्तू आहे. बायाबापड्या विकत घेतात. वाघ असू दे, पण आपल्यातला वाटला पाहिजे."

"व्हय, मालक."

धर्मपालला 'व्हय' म्हणायची सवय होती. त्याच्या घराण्यात टेबलाशी बसून काम करणारा तो पहिलाच. त्याच्या वडिलांनी गिरणीच्या आवारात झाडू मारण्यात जन्म काढला. ते टेबल आणि त्याची एक पाय डुगडुगणारी खुर्ची धर्मपालला जिवापाड प्रिय होती, आणि एखाद्या 'न्हाय'नं ती बुडाखालून जाईल ही धास्ती त्याच्या मनात कायम असायची. त्यानं वाघरूच्या दातांची घरं खोडून काढली. नवा पहिला नग घरी आला आणि मीनाबाईनं जुनी चादर धुऊन पेटीत टाकली.

पुढच्याच पंधरवड्यात मनूचे पुढचे दात पडले.

त्यात नवल काही नव्हतं. पोर सहा वर्षांची झाली होती, दुधाचे दात पडायचंच वय. मीनाबाईनं रीतीप्रमाणे एकेक दात कौलावर फेकला. जरा वेगळं होतं ते एवढंच, की एकही दात हलला नाही, दुखला नाही, रक्ताचा टिपूस आला नाही. सकाळी उशीवर पडलेला सापडायचा.

"बरं झालं की," मीनाबाई हसून म्हणाली. "आता गल्लीतली पोरं सुखानं खेळतील. ह्या वाघिणीचं चावणं तरी सुटलं."

आणि खरंच, मनूचं चावणं सुटलं.

३

मग वाघरूची नखं गेली. कुणा मोठ्या व्यापाऱ्याच्या सूनबाईंना ती बोचरी वाटली. धर्मपालनं पंजे गोल केले, लाडवासारखे.

त्यानंतर कधीतरी एका रविवारी मीनाबाई मनूला मांडीवर घेऊन बसली होती, ब्लेड हातात घेऊन. बराच वेळ ती पोरीची बोटं उलटसुलट करून बघत राहिली.

"आवं, हिची नखं मी शेवटची कधी काढली?"

"मला काय ठावं?"

"वाढलीच न्हाईत की. हितं बघा."

धर्मपालनं बघितलं. नखं होती, पण बोटांच्या आतच थांबलेली, मऊ, पातळ. अशक्तपणा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. डॉक्टरकडे नेलं, तर त्यांनी लोहाचं औषध दिलं आणि दातांचं विचारल्यावर म्हणाले, काही मुलांचे उशिरा येतात. माणसाला पटायला असं एखादं वाक्य पुरतं. धर्मपाल ते वाक्य घेऊन घरी आला आणि दोन दिवस त्यावर निभावलं.

मग मालकांनी जबडा मिटवायला सांगितला. "हसू दे त्याला. ओठ मिटून, गोड. आपल्या बाल-चादरीनं पोराला झोप लागली पाहिजे, धसका नको." धर्मपालनं ओठ मिटवले, दोन्ही कोपरे एकेक घर वर नेले. आता वाघरू असं हसायचं की बघणाऱ्यालाही हसू यावं. खप दुप्पट झाला.

मनू बोलेनाशी झाली, असं म्हणता येत नव्हतं. विचारलं तर ती उत्तर द्यायची. "जेवलीस?" "व्हय." "शाळेत जातीस?" "व्हय." पण आपण होऊन काही मागायची नाही, भांडायची नाही, आणि 'न्हाय' हा जो तिच्या तोंडी अष्टौप्रहर असलेला शब्द, तो कुठल्या कुठे गेला. ओठ मिटून ती हसत राहायची. अंघोळीचं पाणी कढत झालं तरी हसायची.

सगळ्या गल्लीनं कौतुक केलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एवढी गुणी मुलगी वर्गात दुसरी नाही. शेजारची केराबाई, जिच्या नातवाच्या दंडावर मनूच्या दातांची खूण अजून होती, तीसुद्धा म्हणाली, "पोरगी लई शानी झाली गं मीने. दृष्ट काढ तिची."

मीनाबाईनं दृष्ट काढली नाही. ती स्वयंपाक करताना मधेच थांबून आतल्या खोलीकडे कान द्यायची, आणि काही ऐकू येत नाही म्हणून पुन्हा भाकरी थापायची.

एका रात्री जेवण झाल्यावर ती हळूच म्हणाली, "झोपेतबी हसती ओ ती. मला भ्या वाटतंय."

धर्मपालकडे बोलण्यासारखं होतं, पण ते तोंडातून काढलं की खरं ठरेल असं त्याला वाटत होतं. मनूच्या ओठांचे दोन्ही कोपरे वर चढलेले होते, आणि ते किती चढवायचे हे त्यानं स्वतः पेन्सिलीनं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाघरूची चादर काढून घेतली आणि साधी, पट्ट्यांची चादर घातली. मनूनं हट्ट केला नाही. नुसती पेटीपाशी जाऊन बसली, चादर जिच्यात ठेवली होती त्या पेटीला पाठ टेकून, आणि शाळेची वेळ झाली तरी बसून राहिली. अंग गार पडायला लागलं, तेव्हा मीनाबाईनंच चादर काढून तिच्याभोवती गुंडाळली. ऊब आल्यावर मनू हसली.

४

वाघरू उभं का, बसलेलं का नाही, असा प्रश्न पुढं निघाला. उभा वाघ अंगावर येतो. धर्मपालनं त्याला बसवलं, पाय पोटाखाली दुमडून. मनू पळायची थांबली. शाळेत चालत जायची, परत यायची, बसायची.

तेवढ्यात मालकांच्या मनात आलं की नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर वाघरूबरोबर एखादं पोर हवं. "तुझी मुलगी फार गोड आहे म्हणतात," मानसिंगराव म्हणाले. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, हे सांगायला हवं. कामगारांच्या घरी बारसं असलं तर ते आठवणीनं बुंदीचा पुडा पाठवायचे.

"व्हय, मालक," धर्मपाल म्हणाला.

सात रस्त्याजवळच्या एका स्टुडिओत दुपारची वेळ ठरली. बाहेर टांगे, रिक्षा, हॉर्नचा गोंगाट होता. आत जाड पडद्यांमुळे सगळं दबून गेलं होतं आणि केमिकलचा आंबट वास येत होता. फोटोग्राफरनं मनूला स्टुलावर बसवलं, गळ्यापासून खाली वाघरूची चादर लपेटली, वाघ बरोबर पुढे येईल अशी. मग तो कॅमेऱ्याच्या मागच्या काळ्या कापडात शिरला.

"छान. हास. हसतीच आहे म्हणा. आता हलू नकोस."

मनू हलली नव्हती. धर्मपाल समोरच उभा होता, त्याला दिसत होतं.

"हलू नको म्हणतोय ना," कापडाच्या आतून आवाज आला.

"साहेब, ती बसलीय की गुमान."

मग फोटोग्राफर बाहेर आला, चादरीकडे बघितलं, पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. कपाळ पुसत म्हणाला, "पोरीला नाही म्हणत."

एवढं बोलून त्यानं खटका दाबला आणि दुसरा फोटो घ्यायचा असताना एकावरच काम आटोपलं. त्यांना दारापर्यंत पोचवताना तो चादरीच्या घडीपासून हातभर लांब चालत होता.

५

फोटोत मनूचा चेहरा स्वच्छ आला होता. गळ्याखालचं सगळं मात्र पुसटलं होतं, हललेल्या वस्तूचं पुसटतं तसं. चादरही नाही, वाघही नाही, नुसता धुरकट डाग आणि त्यावर हसणारं डोकं.

धर्मपालला वाटलं, मालक चिडतील. मानसिंगराव फोटो लांब धरून, जवळ धरून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, हेच तर पाहिजे! नुसतं तोंड! बाकीच्याला कोण बघतंय? वाघरूचंही तसंच कर. धड नको, पाय नकोत, शेपूट नको. मधोमध एक गोल, हसरं तोंड. लांबून ओळखू येईल."

'व्हय' धर्मपालच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं कसंबसं गिळलं.

"मालक, धड असू द्यावं."

"का?"

का, ते कसं सांगणार? माझ्या पोरीला पाय राहावेत म्हणून? मालकांनी त्याला चार दिवस रजा देऊन घरी पाठवलं असतं, आणि परत येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला असता. स्वतः धर्मपालला तरी कुठे पटत होतं? पोरांचे दात पडतात, ती अशक्त होतात, मोठी होताना गप्प होतात. कागदावरच्या घरांचा आणि त्याचा काय संबंध? हा विचार त्यानं पाढे म्हणावेत तसा घोकला. आणि शेवटी एक पळवाट काढली. डिझाइन करायचं, पण पहिला नग घरी न्यायचा नाही. रीत गेली खड्ड्यात. नग कारखान्यातच ठेवायचा म्हणजे झालं.

त्यानं कागद भरला. मधोमध गोल तोंड, बाकी सगळी जमीन मोकळी. खोडरबर फिरवून त्यानं पाय पुसले आणि भुकटी फुंकून टाकली.

पट्ट्या तयार झाल्या, मागावर चढल्या. माग चालवणारा गुरप्पा अक्कलकोटकडचा, धर्मपालचा जुना दोस्त. अर्धी चादर विणून झाली तशी तो माग थांबवून धर्मपालच्या टेबलाशी आला.

"अण्णा, कागद भरताना काय गडबड केलास काय?"

"का?"

"तोंड तर विणून झालं. आता खाली मोकळी जमीन हाय, माग एका सुरात चालायला पायजे. येऊन ऐक की."

धर्मपालनं जाऊन ऐकलं. गुरप्पानं माग चालू केला. खटक खट, खटक खट, आणि मधेच एक जड, तुटक आवाज, मागाच्या डोक्यावरचे, दोरे ओढणारे आकडे भराभर उचलले जात असल्याचा. चित्राच्या जागी येतो तसला. पण कापडावर चित्र नव्हतं. लाल जमीन सरळ उतरत होती, एकही पांढरा दोरा वर आलेला नव्हता.

"पट्ट्या बघितल्यास?"

"दोनदा बघितलो. बरोबर हाईत." गुरप्पानं कपाळावरचा घाम पुसला. "भोकं न्हाईत आणि आकडे उचलत्यात. माझ्या हाताला वजन लागतंय, अण्णा. खाली काहीतरी विणलं जातंय."

मागाखाली वाकून बघायचं धाडस दोघांपैकी कुणालाच झालं नाही. यंत्र जुनं झालंय, तेल घालू या, असं धर्मपाल म्हणाला. गुरप्पानं तेल घातलं. आवाज तसाच येत राहिला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मपालनं गुरप्पाला विचारलं, "तो पहिला नग कुटं ठेवलास?"

"मालकांनी पाठवला की तुझ्या घरी. सकाळीच, टांग्यातनं. बुंदीचा पुडाबी दिला. म्हणाले, कॅलेंडरवाल्या पोरीला माझ्याकडून."

धर्मपाल खुर्चीवरून उठला तो सरळ सायकलपाशी गेला. चष्मा टेबलावर राहिला.

गल्ली दुपारच्या उन्हात निपचित पडली होती. मीनाबाई कोपऱ्यावरच्या नळावर होती, तिच्या धुण्याचा आवाज लांबून येत होता. घराचं दार नुसतं लोटलेलं. आत पुड्यातल्या बुंदीचा तुपकट वास भरला होता.

मनू गादीवर निजली होती. डोकं उशीवर, हनुवटीपर्यंत नवी चादर ओढलेली, ओठांवर ते हसू. छातीच्या जागी वाघरूचं गोल तोंड तसंच हसत होतं.

आणि त्याच्याखाली चादर सपाट होती.

चष्मा नाही म्हणून असं दिसतंय, असं त्याला आधी वाटलं. तो जवळ गेला. पोर बारीक झालीय, गादी मधे खोल गेलीय, पाय पोटाशी घेतले असतील. तो एकेक कारण शोधत होता आणि एकेक कारण चादरीवर ठेवून बघत होता, पण चादर कुठेच उंच नव्हती. गळ्यापासून पार दशांपर्यंत ती इस्त्री केल्यासारखी पडलेली होती. मनूच्या नाकपुड्या श्वासानं हलत होत्या. चादर हलत नव्हती.

"मनू," त्यानं हाक मारली.

तिनं डोळे उघडले. ओठ हसत होते, पण डोळे हसत नव्हते. विहिरीत पडलेलं पोर वर बघतं तसे ते त्याच्याकडे बघत होते. त्या क्षणी धर्मपालला कळलं की त्याची लेक इतके दिवस आतून ओरडत होती आणि तो, तिचा बाप, मालकाला 'व्हय' म्हणण्यात गुंतला होता. त्याला स्वतःचा असा राग आला की भीती मागे पडली.

चादर उचलून खाली बघायची हिंमत मात्र त्याला होईना. त्यानं नुसतं पायथ्याचं टोक धरलं. ते जरासं दुमडलं आणि खालची बाजू दिसली.

सोलापुरी चादरीला दोन्ही बाजूंनी एकच चित्र असतं, फक्त रंग उलटे. वर लाल जमिनीत पांढरं तोंड, म्हणजे खाली पांढऱ्या जमिनीत लाल तोंड, आणि बाकी कोरं असायला हवं. पण त्या दुमडलेल्या कोपऱ्यात एक पंजा होता. लालभडक, रोवलेला, नखं बाहेर काढलेला. धर्मपालनं तो आयुष्यात एकदाच काढला होता, पहिल्या कागदावर, आणि नंतर स्वतःच्या हातानं खोडला होता.

म्हणजे तो गेला नव्हता. खाली होता.

धर्मपालनं चादरीची दोन्ही टोकं घट्ट धरली, डोळे गच्च मिटले आणि चादर उलटी केली. वरची बाजू खाली, खालची वर. मधल्या त्या निमिषात गादीवर काय होतं ते त्यानं पाहिलं नाही, आणि पुढंही कधी कुणी विचारलं तर सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. आवाज तेवढा ऐकला. खोल, घोगरा, मोठ्या छातीतून सुटलेला श्वास, इतक्या जवळ की त्याच्या मनगटाला ऊब लागली.

मग काहीच नाही. लांब मीनाबाईचं धुणं आपटत होतं.

त्यानं चाचपडत चादरीवर तळहात ठेवला. कापड, नुसतं कापड, खाली गादी. तो हात सरकवत गेला. "मनू," तो पुटपुटत होता, "ऊठ. भांड माझ्याशी. न्हाय म्हण. एकदा न्हाय म्हण, माझी वाघीण."

तळहाताखाली काहीतरी टोचलं. लहान, टणक, हाडाचं. गुडघा. आणि मग दुसरा. चादर हळूहळू भरत वर येऊ लागली.

"न्हाय!"

ते इतक्या जोरात आलं की कौलावरची कबुतरं उडाली. दोन पायांनी चादर भिरकावली गेली, लाथ धर्मपालच्या बरगडीत बसली, आणि त्यानं डोळे उघडायच्या आत त्याच्या मनगटात दात रुतले.

मीनाबाई ओल्या हातांनी पळत आली. बघते तो नवरा जमिनीवर बसलाय, मनगटातून रक्त ठिबकतंय, आणि पोरगी गादीवर उभी राहून मुठी आवळून किंचाळतेय, "मला नको! ती चादर नको! गोडबी नको! मला भाकरी दे!"

"आगं, आगं, बापाला चावलीस व्हय?" मीनाबाई ओरडली, आणि तिला कवेत घेऊन गदगदून रडायला लागली. मनूनं तिच्या मिठीतून सुटायची मोठी धडपड केली.

सगळं निवल्यावर मीनाबाईनं तिचं तोंड उघडून बघितलं. पुढच्या हिरड्या अजून रिकाम्याच होत्या. फक्त खालच्या हिरडीत एक पांढरी कड वर आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मग तिनं नवऱ्याच्या मनगटाकडे बघितलं. तिथे दातांची पुरी रांग उमटलेली होती, पुढच्या दातांसकट, सुळ्यांसकट.

मीनाबाई उठली, हळद आणली आणि पट्टी बांधली.

७

सकाळी धर्मपाल कारखान्यात गेला तेव्हा मानसिंगराव खुशीत होते. टेबलावर कॅलेंडरचा कच्चा नमुना पडला होता.

"ये, ये. चादर पोचली ना? आता एकच काम राहिलंय. वाघरूचे डोळे जरा बारीक वाटतात, टक लावून बघितल्यासारखे. मिटून टाक. झोपलेलं वाघरू. पोरं कशी शांत निजतील!"

"न्हाय, मालक," धर्मपाल म्हणाला.

मानसिंगराव थांबले. पुढं काहीतरी यायचंय असं वाटून ते वाट बघत राहिले. पुढं काही आलं नाही. धर्मपालच्या तोंडून शब्द बाहेर पडला होता आणि छत कोसळलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. त्यानं पिशवीतून एक कागद काढला. पहाटेपासून, चष्म्यावाचून कागदाला नाक लावून भरलेला, अजून पेन्सिलीची भुकटी झडत होती. चार पाय, नखं, वासलेला जबडा.

"वाघरू असं हाय. असं विणायचं असंल तर मी खुर्चीवर बसतो. न्हाईतर ही खुर्ची तुमची."

"अरे, पोरं भितील!"

"भितील. मग त्यालाच मिठी मारून झोपतील. आधी झोपत हुती की."

मालक रागावले. आवाज चढला, बाहेर माग थांबले, गुरप्पा दारात येऊन उभा राहिला. कारखाना कुणाचा, पगार कोण देतो, हे सगळं रीतसर बोलून झालं. धर्मपाल ऐकून घेत होता आणि कागद तसाच पुढे धरून उभा होता. मानसिंगरावांनी शेवटी तो कागद हातातून ओढला, त्या जबड्याकडे नजर गेली, आणि ते बोलता बोलता गप्प झाले. घरी त्यांच्या स्वतःच्या नातवाकडे ती सुरुवातीची चादर अजून होती, दातवाली. तो ती सोडत नसे.

"बघतो," ते जड आवाजात म्हणाले. "सांगतो विचार करून." मग कागदावरून नजर काढायची म्हणून त्यांनी धर्मपालच्या मनगटाकडे बघितलं. पट्टीतून हळद आणि रक्त दोन्ही पाझरलेलं होतं. "आणि हे काय करून घेतलंस?"

"पोरगी चावली," धर्मपाल म्हणाला, आणि अभिमानानं त्याचा ऊर भरून आला.